गव्हाच्या कोठीतली डिस्क

या जगात मी सगळ्यात जास्त कोणाचं देणं लागत असेन तर माझ्या वहिनीचं. लोक आईवडिलांचं नाव घेतात. माझी आई मी तिसरीत असताना गेली आणि वडील बांधकामावर असत, आज या गावी तर उद्या त्या. मला वाढवलं ते थोरल्या भावानं आणि त्याच्या बायकोनं. त्यांना मूलबाळ झालं नाही. जे होतं ते मीच होतो.

दादाचा विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी, बसस्टँडच्या मागे फोटो स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे पत्र्याची एक खोली, भिंतीवर निळा पडदा, एक स्टूल आणि कंगवा अडकवलेला आरसा. एरवी पासपोर्ट फोटो, लग्नसराईत लग्नं. लग्नात लाइट धरायला माणूस लागतो. बांबूला बांधलेला हॅलोजन डोक्यावर धरून फोटोवाल्याच्या मागे मागे फिरायचं. हात भरून येतात, डोळे चुरचुरतात, आणि जेवायला सगळ्यांच्या शेवटी बसायला मिळतं. आमच्याकडे हे काम बायका करत नाहीत. वहिनीनं केलं, कारण लाइटवाल्याची मजुरी वाचली की माझ्या वसतिगृहाची खानावळ भागत असे. गाव हसलं. "फोटोवाल्यानं बायकोचा खांब केला," असं एक म्हातारा तिच्या तोंडावर म्हणाला. ती म्हणाली, "खांबावरच उजेड राह्यते, बापा."

त्या उजेडात मी शिकलो. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. आज मी पुण्यात, वाघोलीला राहतो. एका कंपनीत लोकांच्या फायली सांभाळणं हे माझं काम आहे. कुठल्या देशातल्या कुठल्या माणसाच्या फायली, ते मला माहीत नसतं. त्या हरवू नयेत म्हणून मला पगार मिळतो.

दादाची एक पद्धत होती. नवरानवरी स्टेजवर यायच्या आधी तो उजेड तपासून घ्यायचा. वहिनीला नवरीच्या खुर्चीत बसवायचा आणि एक फोटो काढायचा. मग स्वतः नवरदेवाच्या खुर्चीत बसायचा आणि बटण वहिनी दाबायची. नवरदेव काळा आला तर त्याच्याकडचे लोक जास्त भांडतात, असं त्याचं म्हणणं. हे तपासणीचे फोटो तो नंतर पुसून टाकायचा. "जागा खातात," म्हणायचा. जागा कमी पडली की जुनी, अल्बम पोचलेली लग्नंही तो पुसायचा. डिस्क महाग होत्या आणि लग्नं थांबत नव्हती.

एक फोटो मात्र वहिनीनं पुसू दिला नव्हता. मंडपात एक शेळी शिरली होती. दादा लाल मखमलीच्या खुर्चीत बसलेला आणि शेळी मागून खुर्चीची झेंडूची माळ खात होती. दादानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं आणि हसला. नेमकं तेव्हाच वहिनीनं बटण दाबलं. तिनं आयुष्यात काढलेला हा एकच चांगला फोटो, असं दादा चिडवायचा. मी तो स्टुडिओतल्या संगणकावर एकदा पाहिला होता, पण तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचा होतो आणि मला त्यात शेळीच दिसली होती.

गेल्या वर्षी दादा गेला. कावीळ झाली आणि मग काही थांबलंच नाही. चार दिवसांनी घरी बुद्धवंदनेला बसायचं होतं, समोर ठेवायला फोटो हवा होता, आणि तो शोधताना आम्हाला कळलं की आमच्याकडे त्याचा फोटोच नाही. गावातल्या प्रत्येक घरात त्यानं काढलेला एक तरी फोटो आहे, त्यात तो कुठेच नाही. माझ्या लग्नातही कॅमेऱ्यामागे तोच होता. माझ्या फोनमध्ये होता तो दवाखान्यातला, नाकात नळी असलेला. त्यांच्या लग्नाचा एक आहे, पण त्यात मिसरूड फुटलेलं एक घाबरलेलं पोरगं उभं आहे. शेवटी बाजूच्या गावच्या फोटोवाल्यानं आधार कार्डावरचा फोटो मोठा करून दिला. पांढऱ्या कपड्यानं झाकलेल्या खुर्चीवर आम्ही तो ठेवला, मेणबत्त्या लावल्या.

वहिनी त्याच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "थ्या फोटोत थे चोरावानी दिसतेत, भाऊजी. जल्मभर लोकाले चांगलं दाखोलं, अन् सोताचा असा."

ती पुढे म्हणाली, "लग्नातला नको. थो पोरगा होता, त्याले मी वळखतही नोती. मले शेळीवाला पायजे. मी काढलेला. सालभरानं आपण पुन्हा बसू, तवा थो ठेवू."

माझ्या शिक्षणाच्या सगळ्या वर्षांत आणि नोकरीच्या सगळ्या वर्षांत वहिनीनं माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. साडी नेली तर ती "कायले आणली" म्हणायची. पुण्याला चला म्हटलं तर "माझी कोंबडी कोण पायन?" म्हणायची. हे पहिलं मागणं.

काही महिन्यांनी स्टुडिओची खोली रिकामी करायला मी गावी गेलो. संगणक भंगारात देऊ नका, असं वहिनीनं निक्षून सांगितलं होतं. मी विचारलं, जुन्या डिस्क कुठे आहेत? दादा जायच्या आधीच्या पावसाळ्यात दुकान गळायला लागलं तेव्हा त्यानं संगणकाच्या आतली तेवढी डिस्क राहू दिली होती आणि सुट्या दोन घरी आणून वहिनीच्या हातात दिल्या होत्या. "जप," एवढंच म्हणाला होता.

वहिनीनं मला स्वयंपाकघरात नेलं. गव्हाच्या कोठीचं झाकण काढलं, पदर खोचला आणि कोपरापर्यंत हात गव्हात घातला. आमच्याकडे मोलाचं सगळं धान्यातच ठेवतात. तिचं डोरलंही तिथेच असे, माझी दहावीची गुणपत्रिकाही तिथेच होती. तिनं कापडात बांधलेलं पुडकं वर काढलं, फुंकर मारली, गहू झटकले.

"हे घ्या. उंदीर नाई, वल नाई, चोर नाई. सोनं ठेवतो तशा ठेवल्या."

कापडावर राखाडी भुकटी होती. मला लसणासारखा एक उग्र वास आला. तो आमच्या कोठीचा नेहमीचाच वास होता, लहानपणापासून ओळखीचा. मला त्यात मायाच दिसली. पुडकं मी छातीशी धरूनच ट्रॅव्हल्सच्या गाडीत बसलो. संगणक पायाशी होता.

मी काय करायचं ठरवलं होतं ते साध्या शब्दांत सांगतो. जुन्या संगणकाला पडदा आणि कीबोर्ड लागतोच असं नाही. फुकट मिळणारी एक प्रणाली त्यात घातली की तो घराच्या कोपऱ्यात नुसता चालू राहतो, आणि घरातले फोन, टीव्ही, लॅपटॉप वायफायवरून त्याच्या पोटातल्या फायली बघतात. घरची एक तिजोरीच, फोटोंची. दादाच्या संगणकाचीच तिजोरी करायची असं मी ठरवलं. त्याला एक कारण मायेचं होतं आणि एक कामाचं. वहिनीकडच्या डिस्क इतक्या जुन्या होत्या की त्यांची रुंद पट्टीची केबल आताच्या कुठल्या मशीनमध्ये बसत नाही. ती ओळखणारं मशीन माझ्याकडे हे एकच. त्यात सगळं आलं की गावी एक टीव्ही लावून द्यायचा आणि वहिनीनं घरी बसून, चहा पीत, सगळी लग्नं बघायची. शेळीवालं पहिलं.

रविवारी सकाळी मी बाल्कनीत वर्तमानपत्र पसरून संगणक उघडला. आत कापसासारखी धूळ साचली होती आणि पंख्याच्या पात्यांत झेंडूच्या दोन पाकळ्या वाळून बसल्या होत्या. रंगाच्या ब्रशनं धूळ काढली. पंख्याला शिलाई मशीनचं तेल दिलं. प्रोसेसरवरचा वाळून खडा झालेला लेप खरवडून नवा लावला. एकमेकीची नक्कल ठेवणाऱ्या दोन नव्या डिस्क बसवल्या, म्हणजे एक गेली तरी दुसरी राहते. हे सगळं मला येतं. याचंच मी खातो. बटण दाबल्यावर मशीन घरघरलं आणि मला स्टुडिओत उभं असल्यासारखं वाटलं.

बायको दारात येऊन उभी राहिली. "अहो, मी घरघंटी मागितली होती."

"हीच समज."

"आवाज तोच आहे. पीठ कुठून पडतं ते दाखवा."

संगणकाच्या आत राहिलेली डिस्क लगेच चालू झाली. तिच्यात शेवटच्या काही वर्षांची लग्नं होती. मी एकेक फोटो बघत गेलो, रोज ऑफिसातून आल्यावर, जेवण होईपर्यंत. हळदी, वराती, रुसलेल्या मामी, बुंदीच्या पराती. दादा कुठेच नव्हता. एका ठिकाणी मात्र तपासणीचा फोटो पुसायचा राहून गेला होता. वहिनी नवरीच्या खुर्चीत बसलेली, केस पांढरे व्हायला लागलेले, एक हात गुडघ्यावर. कॅमेऱ्यामागच्या माणसावर ती रागावली होती. 'आता उठू का?' असा चेहरा.

बायकोला दाखवला. ती म्हणाली, "सुरेख आहे. पण त्यांनी हा कुठे मागितलाय?"

मग मी वहिनीच्या डिस्क काढल्या. पहिली जोडली. मशीननं तिची दखलच घेतली नाही. दुसरी जोडली. ती किंचित फिरली, टक् टक् वाजली आणि गप्प झाली. शेळीवाला त्या दुसरीवर होता. तिच्या पाठीवर दादाच्या अक्षरात त्या वर्षाची चिठ्ठी होती.

मी स्क्रू काढून दुसरीच्या खालचा हिरवा बोर्ड सुटा केला. डिस्कच्या पोटातल्या सुयांशी जोडणाऱ्या तांब्याच्या टिकल्या तांबूस, लखलखीत असायला हव्यात. त्या काळ्याठिक्कर होत्या. काही ठिकाणी हिरवं बुरशीसारखं चढलं होतं. मला ओल आठवली, पण कोठीत ओल नव्हती. स्टुडिओत गळत्या पत्र्याखाली राहिलेली डिस्क ठणठणीत होती आणि कोठीतल्या दोन्ही सडल्या होत्या. मग मी पुडक्याचं, टाकून न दिलेलं ते कापड नाकाशी धरलं. तोच लसणासारखा वास.

गव्हात किडे होऊ नयेत म्हणून आमच्याकडे गोळ्या टाकतात. हवा लागली की गोळी फुलते, तिच्यातून वायू सुटतो, किडे मरतात आणि मागे राखाडी भुकटी उरते. झाकण घट्ट लावायचं असतं. वहिनी झाकणाला शेणमातीचा लेपही देते, म्हणजे जराही वायू बाहेर जात नाही. तो वायू तांबं खातो. धान्याच्या गोदामात या गोळ्या टाकायच्या आधी विजेची यंत्रं बाहेर काढतात, हे मी त्या दिवशी वाचलं. डिस्कला श्वास घ्यायला टाचणीच्या टोकाएवढं भोक असतं. वहिनीनं त्यानंतरच्या हंगामातही नव्या गोळ्या टाकल्या असणार, आणि पुडक्याच्या जवळ एखादी जास्तच. उंदीर नाही, ओल नाही, चोर नाही.

मी शाळेतल्यासारखा खोडरबर घेतला आणि टिकल्या घासल्या. घासल्यावर त्या चमकल्या. मी बोर्ड पुन्हा लावला. टक् टक्, आणि गप्प. पुन्हा घासल्या. बायकोनं माझ्या हातातून खोडरबर काढून घेतला तेव्हा मला कळलं की मी बराच वेळ घासत होतो.

शनिवार पेठेत मेलेल्या डिस्कमधून फायली काढून देणारं एक दुकान आहे. मालक चष्मा कपाळावर ठेवून बोलतात.

"काय करता आपण?"

"आयटीत आहे. स्टोरेजमध्ये."

"वा. मग आम्ही काय करायचं?"

मी डिस्क पुढे केली. म्हटलं, फक्त एक फोटो हवा आहे. बाकी काही नाही आलं तरी चालेल.

"डिस्कला तसं सांगता येत नाही." त्यांनी बोर्ड उलटा केला आणि चष्मा खाली घेतला. "ही मुरत घातली होती का? लोणच्यात?"

"घरात होती," मी म्हणालो.

"घरात. बरं." त्यांनी पाकिटात घालून नाव लिहिलं. "मिळेल म्हणालो नाहीये. बघतो म्हणालोय. दोन्हींत फरक आहे."

आठवड्याभरानं गेलो. त्यांनी तसलाच दुसरा बोर्ड शोधून लावून पाहिला होता, आणि त्यानं जमेना तेव्हा बंद खोलीत डिस्क उघडूनही पाहिली होती. आतली, केसाएवढ्या जाडीची जोडणीही खाल्ली गेली होती. शिवाय ती टक् टक् करताना चकतीवर ओरखडे पडले होते. मी जोडून पाहिली होती तेव्हाचे, की आधीचे, ते त्यांना सांगता येत नव्हतं.

"दुसरीकडे कुठे..."

"दुसरीकडे पैसे जास्त घेतील. उत्तर हेच देतील." त्यांनी डिस्क पाकिटात परत घातली. "कोणाचा फोटो होता?"

"भावाचा. फोटोग्राफर होता."

त्यांनी मान हलवली आणि माझ्याकडून काहीच घेतलं नाही. पुण्यात दुकानदार पैसे नको म्हणतो तेव्हा आशा संपलेली असते.

लक्ष्मी रस्त्यावरून मी चालत आलो, कुठल्या बसमध्ये बसलो ते आठवत नाही. लोकांच्या फायली हरवू नयेत म्हणून मी तीन तीन ठिकाणी नकला ठेवतो. एखाद्यानं चुकून पुसलेलं महिन्यानंतरही परत आणून देतो. ते आभार मानतात. आणि ज्या बाईनं हॅलोजन धरून मला हे शिकवलं, तिनं मागितलेला एक फोटो मला आणता आला नाही. माझ्या शिक्षणाचा तिला एकदाच उपयोग व्हायचा होता.

वहिनीला अलीकडे कमी ऐकू येतं. त्या संध्याकाळी तिचाच फोन आला.

"बऱ्या हायेत ना डिस्का? कोठीत ठेवल्या म्हून वाचल्या. दुकानात राह्यत्या तं सडल्या असत्या."

मी सांगायला लागलो. वहिनी, त्या डिस्क चालत नाहीत.

"काय म्हणता? खोल विहिरीतून बोलल्यावानी येते."

मी ओरडून म्हटलं, "चालत नाहीत!"

"चालतेत ना? मले मालूमच होतं. मी रोज झाकण पायत होती." आणि ती खोकायला लागली. खोकला थांबेना म्हणून तिनं फोन ठेवला.

मी फोन हातात धरून बसलो. बायको म्हणाली, "पुन्हा लावा आणि खरं काय ते सांगा. त्या खंबीर आहेत."

"काय सांगू? तुम्ही जपलं म्हणून गेलं?"

मशीन कोपऱ्यात घरघरत होतं. त्यात गावातली कितीतरी लग्नं आहेत. ज्यांचे अल्बम वाळवीनं खाल्ले त्यांना मी ती परत देऊ शकतो. दोघा-तिघांना दिलीही. त्या मशीनमध्ये सगळं गाव आहे, गावाचे फोटो काढणारा तेवढा नाही. बंद करावं असं रोज वाटतं, पण बंद करवत नाही. त्याचा आवाज गेला तर घरात दादाचं काहीच राहणार नाही.

स्मृतिदिन पंधरवड्यावर आला होता. फोनवर काही सांगता येणार नव्हतं, म्हणून मी पत्र लिहिलं. वहिनी सातवी शिकलेली आहे आणि पत्र सावकाश, बोट ठेवून वाचते. मी आधी सगळं खरं लिहिलेलं एक पत्र केलं आणि फाडलं. जे पाठवलं ते असं:

वहिनी, जयभीम.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू आलं नाही म्हणून लिहितो. दोन्ही डिस्क चालल्या नाहीत. शेळीवाला फोटो मिळाला नाही. मी घरी प्रयत्न केला, मग शेळीवाली डिस्क पुण्यातल्या चांगल्या जाणकार माणसाकडे दिली. त्यांनीही पुष्कळ केलं. डिस्क फार जुन्या होत्या. यंत्राचं आयुष्य ठरलेलं असतं, तेवढं संपलं. यात कोणाचा दोष नाही. दुकानात राहिल्या असत्या तर पहिल्याच पावसात गेल्या असत्या. तुम्ही जपल्या म्हणून इतके दिवस राहिल्या.

तुम्ही माझ्याकडे आजवर एकच गोष्ट मागितली आणि ती मला देता आली नाही. माफ करा असं लिहिणार होतो, पण तुम्ही ते वाचून रागवाल.

सोबत एक फोटो पाठवतो आहे. तो तुमचा आहे. दुकानातल्या संगणकात होता, दादानं पुसायचा राहिलेला. तुम्ही म्हणाल, मले माझा कायले? तुम्ही त्यात ज्याच्याकडे बघून रागावला आहात तो दादा आहे, एवढंच. स्मृतिदिनाला आपण आधार कार्डाचाच ठेवू. मी दोन दिवस आधी येतो. खुर्ची, पांढरं कापड, मेणबत्त्या मी बघतो, तुम्ही धावपळ करू नका.

तुमचा खोकला फोनवर ऐकला. यंदा गव्हात त्या गोळ्या टाकू नका. त्यांचा वायू छातीला वाईट असतो, डॉक्टरही तेच सांगतात. घरात कोणी झोपत असेल तर मुळीच टाकू नयेत. कोठी उघडून दोन दिवस ऊन-वारा लागू द्या, तेवढा वेळ तुम्ही बाहेर ओट्यावर बसा. मी येईन तेव्हा कडुनिंबाचा पाला आणून घालतो.

तुमचा,
भाऊजी